खालून दुर्बीण

उस्ताद फिकरींना जे झालं होतं ते कोणालाही कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या जुम्म्यापर्यंत ते शुब्रा मोहल्ल्यातल्या भाजीवाल्यांनाही माहीत होतं.

झालं असं की एका सकाळी त्यांना जिथे दिसू नये तिथे रक्त दिसलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. रक्तच होतं. बाहेर येऊन त्यांनी बायकोला, इन्शिराहला, चष्म्याचा नंबर तपासून येतो म्हणून सांगितलं आणि ते डॉक्टर लबीब यांच्या दवाखान्यात गेले.

उस्ताद सरकारी हायस्कुलात अरबी व्याकरण शिकवायचे. मुलं त्यांना घाबरायचीच, पण कोपऱ्यावरचा खाटीकसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलायचा, कारण मांस तोलून होईपर्यंत ते त्याची दोन क्रियापदं दुरुस्त करत. अशा माणसाला डॉक्टर लबीबने विचारलं की परसाकडे रोज होते का, रंग कसा असतो, कुंथावं लागतं का. उस्तादांनी सगळ्याची उत्तरं इतक्या शुद्ध भाषेत दिली की डॉक्टरला दोनदा अर्थ विचारावा लागला. शेवटी डॉक्टर म्हणाला, बहुतेक मूळव्याध असेल. पण वय झालंय, त्यातून वडील आतड्याच्या दुखण्याने गेले म्हणता, तेव्हा एकदा दुर्बिणीतून बघून घेऊ.

वडील गेले तेव्हा उस्ताद कॉलेजात होते. त्या घरात आजाराचं नाव कोणी घेतलं नव्हतं. "कोलन आहे" एवढंच म्हणायचे, म्हणजे मोठं आतडं. त्या शहरात कोणाच्याही पोटाचं काहीही झालं तरी ते कोलनच असतं. झोप लागली नाही, कोलन. साहेब ओरडला, कोलन. जावई आवडला नाही, कोलन. लोक छातीवर हात ठेवून "मला कोलन आहे" असं सांगतात, आणि उस्ताद दर वेळी म्हणत, "कोलन प्रत्येकालाच असतो. आपला बिघडला आहे असं म्हणावं." आता स्वतःचा बिघडला असताना त्यांना ते वाक्य कोणाकडेच बोलता येईना.

दुर्बिणीचा खर्च विम्यातून मिळणार होता आणि त्यासाठी विमा कचेरीची मंजुरी लागत होती. खिडकीत एक जाडजूड बाई सँडविच खात बसली होती. तिने कागद उलटसुलट करून विचारलं, "दुर्बीण वरून की खालून?"

उस्तादांनी मागच्या रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अधोमार्गाने."

बाईने मागच्या टेबलावरच्या मैत्रिणीला विचारलं की अधोमार्ग कुठल्या खात्यात येतो. मैत्रीण म्हणाली, रस्ते खात्याकडे असेल, त्यांना तिकडे पाठव. उस्तादांनी दुसरा शब्द वापरून पाहिला, तो आणखी जुना होता. तिसरा तर हजार वर्षांत कोणी वापरला नसावा. बाईने सँडविच खाली ठेवलं. पंख्याचा खडखडाट चालू होता, रांग चुळबुळ करत होती, आणि शेवटी ज्या माणसाने तीस वर्षं वर्गात कधी आवाज चढवला नव्हता तो मोठ्याने म्हणाला, "खालून."

रांगेतल्या सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. त्या रांगेत ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आलेली उम्म नादिर उभी होती. उम्म नादिर म्हणजे नादिरची आई, उस्तादांच्या समोरच्याच दारात राहणारी. तिने लांबूनच "अल्ला बरं करो, उस्ताद" म्हटलं, गोळ्या न घेताच रांग सोडली आणि ती घरी निघाली.

उस्ताद घरी पोचले तेव्हा इन्शिराह दारात उभी होती. आत उम्म नादिर, दारवान बयूमी आणि इन्शिराहचा भाऊ शौकी बसले होते.

"चष्म्याचा नंबर किती निघाला?" इन्शिराहने विचारलं.

उस्तादांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"उद्या तुम्हाला काही झालं असतं, तर मी कुठे विचारायला जायचं होतं? चष्म्याच्या दुकानात?"

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने तिथे बराच वेळ भांडी घासली. ती आधीच घासलेली होती. उस्तादांना वाटलं, आत जाऊन काहीतरी बोलावं. पण बैठकीत तिघं जण सल्ला द्यायला तयार होऊन बसले होते आणि स्वयंपाकघराचा रस्ता त्यांच्या मधून जात होता.

उम्म नादिरचं म्हणणं होतं की जिरं उकळून प्या, दुर्बीण-बिर्बीण काही लागत नाही. तिच्या नणंदेच्या पोटात दुर्बीण घातली आणि त्यानंतर ती बाई पहिल्यासारखी हसलीच नाही. बयूमी म्हणाला, त्याच्या गावी अशा दुखण्यावर पोटाला डाग देतात. माणूस बरा होतो किंवा तक्रार तरी करत नाही. शौकीने फक्त एक शंका विचारली, की ती दुर्बीण सगळ्यांना एकच असते का. मग तो मेहुण्याच्या काळजीने व्याकूळ होऊन जेवायला थांबला आणि कोबीच्या पानात भात भरून केलेल्या महशीचं आख्खं पातेलं त्याने संपवलं. खाली औषधाच्या दुकानात तर दुकानदाराने जुलाबाची पावडर बांधता बांधता गिऱ्हाइकांदेखत सांगितलं की माणसाची आतडी उलगडली तर उस्तादांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून फुटपाथपर्यंत पोचतील. त्यानंतर काही दिवस गिऱ्हाइकं दुकानातून बाहेर पडली की वर त्या बाल्कनीकडे बघत.

विमा कचेरीने मंजुरी दिली ती गुरुवारची. शिक्क्याखाली लिहिलं होतं की त्या दिवसानंतर ती बाद समजावी. बुधवारी दुपारपासून पावडर पाण्यात कालवून पीत राहायची आणि पोट पार धुऊन काढायचं, असा डॉक्टरचा हुकूम होता. पाकिटावर "लिंबाचा स्वाद" असं छापलं होतं. लिंबाला ते वाचता आलं असतं तर त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला असता. उस्तादांनी नाक दाबून पहिला जग संपवला, खुर्चीत ताठ बसले आणि वाट पाहू लागले.

पोटात प्रथम लांबवर कोणीतरी कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला. उस्ताद उठले. ते संडासात पोचले, पुढचं सगळं यथास्थित पार पडलं, आणि त्यांनी साखळी ओढली तेव्हा टाकीने दोन उचक्या दिल्या. नळ सोडला तर तो खोकला आणि गप्प झाला.

बयूमी जिना चढून बातमी घेऊन आला. नाक्यावर खोदकाम चाललं होतं, तिथे कुदळ पाण्याच्या मोठ्या पाइपात गेली होती. सबंध गल्लीचं पाणी गेलं होतं. संध्याकाळपर्यंत येईल, असं खोदणारे म्हणाले.

"कुठल्या संध्याकाळपर्यंत?" उस्तादांनी विचारलं.

"ते नाही बोलले."

एरवी इन्शिराह बादल्या भरून ठेवायची. पण नवऱ्यावरचा राग जाईना म्हणून त्या सकाळी तिने घरातले सगळे गालिचे धुतले होते. घरात होतं ते प्यायचं पाणी, आणि ते पावडरीत कालवायला हवं होतं. म्हणजे आत जायला पाणी होतं, बाहेर पडण्याची सोय नव्हती. उम्म नादिरने मोठ्या मनाने आपला संडास देऊ केला, पण तिच्याही नळाला पाणी नव्हतं. मशिदीतल्या संडासांची दुरुस्ती चालू होती. उस्ताद लगबगीने, पण लगबग दिसणार नाही अशा बेताने, कोपऱ्यावरच्या कहवाखान्यात गेले. मालक त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो उठून उभा राहिला, त्याने गिऱ्हाइकांना उभं केलं, आपल्याला व्याकरणात उस्तादांनी तीनदा नापास केलं होतं हे अभिमानाने सगळ्यांना सांगितलं आणि बडीशेपेचा गरम काढा मागवला. उस्तादांनी उभ्याउभ्याच त्याच्या कानात विचारलं. विद्यार्थ्याचा चेहरा पडला. उस्तादांसाठी प्राण देईन, पण संडासात पाणी मघापासून नाही, म्हणाला.

राहता राहिलं एकच दार. वरच्या मजल्यावरचं, हाजी मितवल्लींचं.

हाजींचं फग्गाला बाजारात कमोड, बेसिन आणि नळांचं दुकान होतं. गच्चीवर त्यांची स्वतःची भलीमोठी टाकी होती आणि ती भरायला मोटर होती. ती मोटर चालू झाली की उस्तादांच्या बेडरूममध्ये एखादी बस मागे घेतल्यासारखं वाटे. दोन वर्षांपूर्वी उस्तादांनी त्याविरुद्ध नगरपालिकेत रीतसर तक्रार केली होती. इन्स्पेक्टर आला, हाजींकडे चहा प्यायला, रव्याचा गोड बसबूसा खाल्ला, मोटर बंद असताना तिला कान लावला आणि आवाज येत नाही असा शेरा मारून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. जिन्यात समोरासमोर आले की हाजी तसबीहचे मणी मोजू लागत आणि उस्ताद खिशात नसलेली किल्ली शोधत.

"मी जाऊन विचारते," इन्शिराह म्हणाली.

"नको," उस्ताद म्हणाले. "माझं मी विचारीन."

त्यांनी कोट घातला. जिना चढताना ते मध्ये दोनदा थांबले, त्यात एकदा कठड्याला घट्ट धरून. बेल वाजवल्यावर हाजींनी स्वतःच दार उघडलं. घरात ते एकटेच होते. त्यांची बायको बदीआ बहिणीकडे गेली होती. गेल्या काही महिन्यांत हाजी वाळले होते. पायघोळ गलाबिया अंगावर टांगल्यासारखी दिसत होती. पण त्या क्षणी उस्तादांना दुसऱ्याच्या अंगाकडे बघायला सवड नव्हती.

"हाजी," ते म्हणाले, "आपल्या उभयतांमध्ये यापूर्वी जो काही मतभेद उद्भवला असेल, तो क्षणभर बाजूस ठेवून, एका निकडीच्या शारीरिक प्रयोजनास्तव आपल्या गृहातील प्रसाधनकक्षाचा—"

"संडासला जायचंय का?" हाजींनी विचारलं.

"होय."

"मग जा ना. उजवीकडे."

तो संडास नव्हता, महाल होता. भिंतींना निळ्या वेलबुट्टीच्या फरशा, सोनेरी नळ, आणि मधोमध चौथऱ्यावर इटालियन कमोड. उस्तादांनी आयुष्यात इतक्या भव्य जागी पाऊल टाकलं नव्हतं. साखळी नव्हती, बटण होतं, आणि ते दाबलं की पाणी असं कोसळायचं की माणसाने दोन पावलं मागे व्हावं. दाराबाहेरून हाजींचा आवाज आला, "मोठं बटण दाबा, उस्ताद. छोटं बटण छोट्या कामाला." हाजी दुकानदार होते. माल वापरणाऱ्याला माहिती देणं त्यांना कर्तव्य वाटायचं.

खाली जाऊन पुन्हा चढून येण्यात अर्थ नाही हे पहिल्या दोन खेपांतच दोघांना कळलं. इन्शिराहने उरलेली पावडर आणि जग वर आणून दिला. उस्ताद हाजींच्या बैठकीत कोट घालून बसले. एक ग्लास प्यायचे, हाजींशी हवापाण्याची चार वाक्यं बोलायचे, आणि पाचवं वाक्य अर्धं टाकून उठायचे. त्या दिवशी उस्तादांनी जितकी वाक्यं अपुरी सोडली तितकी जन्मात सोडली नव्हती.

उन्हं उतरताना बेल वाजली. उस्ताद आत होते. बाहेर हाजी कोणालातरी या, या म्हणत होते. हळूहळू उस्तादांच्या लक्षात आलं की हाजी मोठ्या गिऱ्हाइकांना माल दाखवायला घरीच आणतात, आणि आलेले लोक म्हणजे नुकतं लग्न ठरलेलं एक जोडपं आणि मुलीची आई आहेत. ती तिघं बाथरूम बघायला आली होती.

"जरा थांबावं लागेल," हाजी बाहेर सांगत होते. "आत आमचे उस्ताद आहेत. तपासणी चाललीय."

उस्तादांनी जमेल तितका वेळ आत काढला. मग चेहरा धुतला, कोटाची बटणं लावली आणि दार उघडलं. समोर तिघंही आदराने उभी होती. मुलीच्या आईने त्यांना इंजिनिअर समजून विचारलं, "कसा आहे माल?"

उस्ताद जन्मात कधी खोटं बोलले नव्हते, चष्म्याचं सोडलं तर. त्यांनी क्षणभर विचार केला. "प्रवाह जोरदार आहे," ते म्हणाले. "आवाज कमी. बैठक सुखावह. सतत आणि कठोर वापरात कुठेही उणीव आढळली नाही."

आईने निळ्या फरशांसकट सगळंच पक्कं केलं. ती मंडळी जिना उतरेपर्यंत हाजी गंभीर राहिले. मग ते सोफ्यावर बसून इतके हसले की त्यांना पोट धरावं लागलं. पोट धरल्यावर हसू मध्येच थांबलं आणि चेहरा वेडावाकडा झाला. उस्तादांनी ते पाहिलं, पण त्यांचं पाचवं वाक्य अर्धं राहायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. गुंगीच्या इंजेक्शनात उस्तादांनी डॉक्टर लबीबच्या दोन विभक्ती दुरुस्त केल्या असं नर्सने नंतर सांगितलं. डॉक्टरला आत मूळव्याध सापडली, आणि वरच्या वळणावर मुगाएवढी एक गाठ. ती त्याने तिथल्या तिथे काढली. आणखी काही वर्षं राहिली असती तर तुमच्या वडिलांची गोष्ट पुन्हा सांगावी लागली असती, असं तो म्हणाला. घरी येताना टॅक्सीत इन्शिराहने उस्तादांचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. उस्ताद म्हणाले, "चुकलं माझं."

हाजी आठवड्याने जिन्यात भेटले. ना तसबीह निघाली, ना किल्ली. दुखतं का, हाजींनी विचारलं. नाही, उस्ताद म्हणाले. मग हाजींनी वरखाली बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं की समजा एखाद्याला, म्हणजे दुकानावरच्या एका माणसाला, वर्षभर काळपट रक्त जात असेल आणि वजन उतरत असेल, तर त्याने जिरं उकळून प्यायलं तर चालेल का.

उस्तादांनी त्यांच्या गळ्याशी सैल झालेल्या गलाबियाकडे पाहिलं.

"त्या माणसाच्या बायकोला माहीत आहे का?"

"नाही."

"चला," उस्ताद म्हणाले आणि त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेले, पायात घरच्या चपला होत्या त्या तशाच.

हाजींच्या आतड्यात मुगाएवढं नव्हतं, लिंबाएवढं होतं. डॉक्टर लबीब म्हणाला उशीर झालाय, पण फार नाही. बदीआला सांगायचं काम उस्तादांकडे आलं. त्यांनी ते सोप्या, छोट्या वाक्यांत केलं आणि ती रडत असताना समोर बसून राहिले. मग ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काढलं आणि दोन टोकं जोडली. जोडकाम नीट धरलंय की नाही हे कळायला एकच खूण असते, सर्जनने सांगितलं. पोटातून वारा सरला पाहिजे. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही.

वारा काही सरेना. हाजींचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. बाहेर व्हरांड्यात बदीआ, तिच्या बहिणी, दुकानातले लोक, उम्म नादिर, इन्शिराह, बयूमी, शौकीसुद्धा, सगळे खुर्च्या आणि पायऱ्या अडवून बसले होते. कोणी कुराण पुटपुटत होतं, कोणी दर थोड्या वेळाने दार किलकिलं करून भुवया उंचावत होतं. सर्जन येई, पोटाला कान लावी, तक्त्यावर काहीतरी खरडून जाई. दुसऱ्या दिवशी तो गेला तो कपाळाला आठ्या घालून. मागाहून दुसऱ्या एका डॉक्टरला बोलवायला माणूस धावला, आणि बदीआने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

उस्ताद हाजींच्या उशाशी बसले होते. एका वेळी एकालाच आत परवानगी होती आणि हाजींनी त्यांनाच ठेवून घेतलं होतं. बायकोसमोर घाबरलेलं दिसायचं नाही, म्हणाले.

"मेलो तर दुकान पोरांना झेपायचं नाही," हाजी पुटपुटले.

"कुशीवर वळा," उस्ताद म्हणाले. "बोलू नका."

त्यांनी हाजींना आधार देऊन डाव्या कुशीवर वळवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिले, लहान मुलाला फिरवतात तसा. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पांघरुणाखालून एक बारीक, लांबलचक, जराशी केविलवाणी शीळ आली. ती थांबली, आणि मग दाराबाहेरही ऐकू जावा असा आवाज झाला.

हाजींनी डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "उस्ताद," ते म्हणाले, "ऐकलंत?"

"ऐकलं, हाजी."

उस्ताद उठले, कोट सारखा केला आणि दार उघडून व्हरांड्यात आले. सगळे एकदम उभे राहिले. ही बातमी द्यायला शोभेल असा शब्द भाषेत होता, आणि तो उस्तादांना माहीत होता. पण समोर बदीआचा चेहरा होता.

"पादला," उस्ताद म्हणाले.

बदीआने जीभ भराभर हलवत, लग्नाबारशाला काढतात तसा, इतका मोठा हर्षनाद काढला की खालच्या मजल्यावरचा चौकीदार कोणाचं तरी बाळंतपण झालं असं समजून आनंदाच्या सरबताचं विचारायला वर आला.